वाचकांचे प्रश्न: फ्युएल पंपाचा रिले घरच्या घरी कसा तपासावा?

सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण पेटत नाही. अशा तक्रारीत पहिला संशय हमखास फ्युएल पंपाच्या रिलेवर जातो. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने ओढला जाणारा आणि पंपाचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच. तो हाताशी असतो आणि उपसून बदलता येतो, त्यामुळे त्याच्यावर खापर फोडणे सोपे असते. या अंकात त्याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरे पेट्रोल इंजेक्शनच्या, १२ व्होल्टच्या गाड्यांना लागू आहेत. डिझेलचा प्रश्न शेवटाकडे वेगळा घेतला आहे.

प्रश्न: गाडी अधूनमधून चालू होत नाही. मेकॅनिकने रिले गेला असेल असे सांगितले. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे. रिले काढून घरी तपासता येईल का? पेट्रोलमुळे धोका किती?

येईल, आणि रिले काढून टेबलावर तपासणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. रिले सॉकेटमधून बाहेर आला की त्याचा पेट्रोलशी संबंध उरत नाही. धोका असतो तो रिले काढताना, परत बसवताना आणि गाडीवर चाचणी घेताना.

म्हणून सुरुवात गाडीपाशी नीट करा. गाडी उघड्या जागी उभी करा. बंद गॅरेज नको. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा, चावी काढून घ्या. बटनाने चालू होणारी गाडी असेल तर चावी चार पावले लांब ठेवा आणि काही मिनिटे थांबा, म्हणजे गाडीतले कंट्रोल युनिट झोपी जातात. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरीचा प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात बोट भाजण्याइतकी तापते.

बोनेट उघडल्यावर किंवा मागच्या सीटजवळ पेट्रोलचा वास आला, तर काम तिथेच थांबवा. गळती सापडून बंद होईपर्यंत एकही वायर काढू नका, लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते. शून्याच्या खाली ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडते, तेव्हा ‘हवा थंड आहे, काही होत नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. पेटत्या पेट्रोलवर पाणी ओतले तर ते पाण्यावर तरंगत आणखी पसरते.

रिले कुठे आहे ते फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या नकाशावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. रिले सरळ वर, किंचित डोलवत ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला तर बॉक्सचे प्लॅस्टिक फुटते आणि शेजारच्या दोन पिना शॉर्ट होऊ शकतात.

आता रिलेची अंगावरची खूण पाहा. बहुतेक रिलेंवर छोटे चित्र आणि आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची, म्हणजे वीज मिळाली की चुंबक होणाऱ्या तारेच्या गुंडाळीची टोके. ३० हा बॅटरीकडून येणारा पुरवठा आणि ८७ पंपाकडे जाणारी वाट. पाच पिनांच्या रिलेत ८७ए असते. रिले बंद असताना ३० तिला जोडलेला असतो. लहान मायक्रो रिलेवर १ ते ५ असे आकडे असतात: १ आणि २ कॉइल, ३ म्हणजे ३०, ५ म्हणजे ८७, ४ म्हणजे ८७ए. आकडेच नसतील तर मीटर ओहमवर लावून जोड्या तपासा. ज्या जोडीत साधारण ५० ते १२० ओहम दिसतात ती कॉइल.

पहिली चाचणी कॉइलची. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून ८५ आणि ८६ मोजा. साधारण ५० ते १२० ओहम यावेत. ८० ओहमची कॉइल १२ व्होल्टवर ०.१५ अँपिअर घेते, इतकीच तिची भूक. मीटरने अनंत दाखवले तर कॉइल तुटली. काही ओहमच आले तर आतून शॉर्ट आहे. दोन्ही प्रकारांत रिले बाद. प्रोब उलटे करून आकडा वेगळा आला तर आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे असे समजा. सारखा आला तरी चित्रात डायोडची खूण आहे का ते बघाच, कारण पुढच्या चाचणीत दिशा महत्त्वाची ठरते.

दुसरी चाचणी: काहीही न जोडता ३० आणि ८७ मध्ये मीटरचा बझर लावा. आवाज येता कामा नये. आला तर कॉन्टॅक्ट, म्हणजे ३० आणि ८७ यांना जोडणारे आतले धातूचे ठिपके, चिकटले आहेत.

तिसऱ्या चाचणीला १२ व्होल्ट लागतात. गाडीची बॅटरी वापरू नका. ती शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओकते, आणि चार्ज होताना तिच्यातून निघालेला हायड्रोजन ठिणगीने पेटतो. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी या कामाला उत्तम. तिच्या प्लसलाच, टर्मिनलच्या अगदी जवळ, ७.५ अँपिअरचा फ्यूज बसवा. ८६ ला प्लस, ८५ ला मायनस. उलटे जोडले आणि आत डायोड असेल तर डायोड जळतो किंवा फ्यूज उडतो. जोडताच टिक् आवाज येईल आणि ३० ते ८७ मध्ये बझर वाजेल. वायर काढताना कॉइलच्या उघड्या टोकांना बोट लावू नका. चुंबकीय क्षेत्र कोसळताना निघणारा व्होल्टेजचा क्षणिक उसळा बोटाला चांगलीच झिणझिणी देतो. चौकोनी ९ व्होल्टच्या सेलवर ही चाचणी करू नका. १२ व्होल्टचे बरेच रिले साधारण ७ ते ८ व्होल्टला ओढले जातात, आणि तो सेल भार पडताच तिथपर्यंत घसरतो. मग रिले चांगला असूनही बाद ठरतो.

इथवर येऊन बहुतेक जण थांबतात आणि ‘टिक् वाजला, म्हणजे रिले ठीक’ असा निकाल देतात. या टिक् आवाजाला आम्ही शून्य गुण देतो. तो फक्त इतकेच सांगतो की कॉइलने पट्टी ओढली. पट्टीच्या टोकाचे कॉन्टॅक्ट काळे पडले आहेत की स्वच्छ आहेत, हे आवाजावरून कळत नाही आणि मल्टिमीटरच्या ओहमवरूनही कळत नाही. हिशेब पाहा. कॉन्टॅक्टमध्ये ०.२ ओहम रोध आला आहे आणि पंप ६ अँपिअर घेतो आहे. ६ गुणिले ०.२ म्हणजे १.२ व्होल्ट वाटेतच गेले, आणि त्या इवल्याशा ठिपक्यावर ७ वॉटहून जास्त उष्णता. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा असतो, मग त्याला ०.२ ओहम वेगळे कसे दिसावेत?

म्हणून चौथी चाचणी, भाराची. हेडलाइटचा जुना ५५ वॉटचा बल्ब घ्या. तो १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे पंपाच्या जवळपास. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून ३० ला, ८७ वरून वायर बल्बला, बल्बचे दुसरे टोक मायनसला. कॉइलला वेगळ्या वायरीने पुरवठा द्या. बल्ब पेटला की मीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर ठेवून लाल टोक ३० वर आणि काळे ८७ वर टेकवा. चांगल्या रिलेत ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसते. ०.२ च्या वर गेले तर तो रिले गाडीत परत घालू नका, मग टिक् कितीही खणखणीत असो. बल्बची काच क्षणात तापते. तो वीट किंवा फरशीवर ठेवा, लाकडी टेबलावर वा प्लॅस्टिकवर नको. चाचणी एक-दोन मिनिटांची पुरे.

प्रश्न: मी रिले नवीन घातला तरी पंप चालत नाही. आता पंपच बदलायचा का?

थांबा. रिले हा हुकमाचा ताबेदार आहे. त्याला हुकूम मिळत नसेल किंवा त्याच्याकडे वीज येत नसेल तर नवा काय आणि जुना काय. पंप बदलण्याआधी रिलेच्या सॉकेटमधल्या चार भोकांना चार प्रश्न विचारा. पंप पोहोचायला कठीण आणि सॉकेट सोपे, म्हणून सुरुवात सॉकेटपासूनच.

एक सावधगिरी आधी. सॉकेटच्या भोकात मीटरचा जाड प्रोब घुसवू नका. आतले पितळी ओठ फाकतात आणि मग रिलेची पिन सैल बसते. आधी नसलेला बिघाड आपण स्वतः तयार करतो. त्या मापाचे चपटे नर टर्मिनल वायरीला क्रिंप करून वापरा. मोठ्या रिलेच्या पिना ६.३ मिलिमीटर रुंद असतात.

३० च्या भोकात सदैव १२ व्होल्ट हवेत. काही गाड्यांत ते मेन रिलेतून, म्हणजे इंजिनच्या यंत्रणेला वीज देणाऱ्या मुख्य रिलेतून येतात, मग चावी ऑन केल्यावरच दिसतात. इथे मीटरबरोबर २१ वॉटचा टेस्ट लॅम्पही लावा. मीटर इतका कमी प्रवाह घेतो की एका केसाएवढ्या तारेवर टिकलेली वायरही त्याला १२ व्होल्ट दाखवते. बल्ब पूर्ण प्रकाशात पेटला तरच वाट धड आहे. मंद पेटला तर फ्यूजच्या पायांवरचा गंज, सैल टर्मिनल किंवा आतून तुटत आलेली वायर शोधा. फ्यूज नुसता डोळ्याने पाहून सोडू नका. त्याच्या दोन्ही डोक्यांवर व्होल्टेज मोजा.

८६ च्या भोकात चावी ऑन केल्यावर १२ व्होल्ट यावेत. इथे आणि पुढे ८५ वर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, मीटरच वापरा.

८५ ची गंमत वेगळी आहे. बहुतेक गाड्यांत ही वायर ईसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे) जाते आणि ईसीयू तिला आतून अर्थ देतो, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडतो. चावी ऑन केली की साधारण दोन-तीन सेकंदच अर्थ मिळतो, तेवढ्यात पंप लाइनमध्ये दाब भरतो. इंजिन फिरल्याचा सिग्नल आला नाही तर ईसीयू पुन्हा सोडून देतो. मीटरचे लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळे ८५ च्या भोकात ठेवून मदतनीसाला चावी ऑन करायला सांगा. दोन-तीन सेकंद जवळपास १२ व्होल्ट दिसून आकडा खाली यायला हवा. मग सेल्फ मारताना तो परत दिसायला हवा. मीटर लावून आरामात चावी फिरवायला निघालात तर ती दोन सेकंदे निसटतात आणि ईसीयूवर नाहक बालंट येते. काही गाड्यांत उलटी रचना असते, ईसीयू प्लस देतो आणि ८५ कायम अर्थला असते. वायरिंगचा नकाशा पाहून ठरवा. काहीही झाले तरी या भोकात बॅटरीचा प्लस थेट देऊ नका. ईसीयूतला ट्रान्झिस्टर जातो आणि मग रिलेच्या दुरुस्तीचे रूपांतर ईसीयूच्या दुरुस्तीत होते.

चावी ऑन केल्यावर ८५ वर हुकूम येतो, पण सेल्फ मारताना येत नाही, असे असेल तर क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिन फिरल्याचा सिग्नल ईसीयूला देणाऱ्या सेन्सरकडे वळा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल तर संशय बळावतो. हुकूम मुळीच येत नसेल तर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो आहे का ते बघा. किल्ली ओळखली गेली नाही तर काही गाड्या पंपच चालू करत नाहीत. अपघातानंतर किंवा मोठा आदळा बसल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विच काही गाड्यांत असतो. त्याचे बटन दाबून पूर्ववत करता येते, पण आधी खाली वाकून गळती नाही याची खात्री करा. तो स्विच बसवलेला असतोच त्यासाठी.

आता ८७, पंपाकडे जाणारी वायर. चावी बंद ठेवून ८७ आणि बॉडी यांच्यामध्ये ओहम मोजा. पंपाची मोटर जोडलेली असेल तर एक-दोन ओहमच्या आसपास काहीतरी दिसते. अनंत दिसले तर पुढे कुठेतरी वाट तुटली आहे: वायर, टाकीवरचा कनेक्टर, पंपाची अर्थिंग किंवा मोटरचे ब्रश. काही गाड्यांत ८७ वरूनच इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सरचे हीटर चालतात, तिथे हा आकडा मिसळून येतो आणि त्यावर निर्णय करू नये.

पंप प्रत्यक्ष फिरवून बघायचा असेल तर जंपर वायर बनवा: २.५ चौरस मिलिमीटरची वायर, दोन टोकांना चपटी टर्मिनले, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज आणि एक स्विच. स्विच बंद ठेवून आधी ८७ मध्ये, मग ३० मध्ये टोक घाला. या क्रमाने केले तर हातातले मोकळे टोक कधीच जिवंत नसते, आणि स्विच असल्याने भोकापाशी ठिणगी पडत नाही. ३० ला मेन रिलेतून पुरवठा येत असेल तर चावी ऑन करावी लागेल. स्विच चालू केला की टाकीजवळ घूंऽऽ असा सलग आवाज यायला हवा. टाकी रिकामी असेल तर ही चाचणी करू नका. पंपाला थंड ठेवण्याचे आणि वंगणाचे काम पेट्रोलच करते. भरलेली असली तरी दहा-पंधरा सेकंद पुरेत.

स्विचच्या जागी मीटरचा १० अँपिअरचा सॉकेट वापरला तर पंपाचा प्रवाहही कळतो. ब्रश असलेल्या साध्या पंपाला साधारण ४ ते ८ अँपिअर लागतात. फ्यूज लगेच उडाला तर पंप जाम झाला आहे किंवा वायर शॉर्ट आहे. प्रवाह एकदमच कमी असेल तर पंपाच्या वाटेत कुठेतरी गंजलेला जोड आहे किंवा पंप भाराविना मोकळा फिरतो आहे. मोजून झाले की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला. तो अँपिअरमध्येच राहिला आणि तसाच बॅटरीवर टेकवला तर तो सरळ शॉर्ट असतो. मीटर जाण्याची सर्वांत नेहमीची तऱ्हा हीच.

हे सगळे साध्या रिलेच्या गाड्यांसाठी. नव्या पुष्कळ गाड्यांत पंपाचा वेग एक वेगळे मॉड्यूल कमी-जास्त करते, आणि काहींत तीन वायरींचा ब्रशलेस पंप असतो. अशा पंपाला थेट १२ व्होल्ट देऊ नका. पंपाच्या कनेक्टरला दोनऐवजी तीन जाड वायरी दिसल्या किंवा नकाशात पंप मॉड्यूल लिहिलेले असले, तर जंपरचा विचार सोडून द्या आणि स्कॅनरने कोड वाचा. हायब्रिड गाडीत नारिंगी वायरी दिसतील, त्यांच्या जवळपासही जाऊ नका.

प्रश्न: हॉर्नचा रिले तसाच दिसतो. तो पंपाच्या जागी घालून बघितला तर चालेल का?

अंगावरचा भाग क्रमांक आणि चित्र दोन्ही हुबेहूब असतील तर चालेल, आणि झटपट निदानासाठी ही युक्ती झकास आहे. नुसता रंग आणि आकार जुळला म्हणून घालू नका. सारख्याच पिनांच्या मोठ्या रिलेत दोन मांडण्या मिळतात, त्यांत ३० आणि ८६ यांच्या जागांची अदलाबदल असते. चुकीच्या मांडणीचा रिले बसतो छान, टिक्ही वाजवतो, पण पंपाचे ५-६ अँपिअर कॉइलला पुरवठा देणाऱ्या गाडीतल्या बारीक वायरीतून जाऊ लागतात. ती वायर त्या कामाची नसते. डायोडचा रिले उलट्या दिशेच्या सॉकेटमध्ये गेला तर फ्यूज किंवा ईसीयूचा ड्रायव्हर जातो. अँपिअरचा आकडाही किमान मूळ रिलेइतका हवा.

आणि हो, हॉर्नच्या रिलेने गाडी चालू झाली तर जुन्या रिलेला लगेच दोषी ठरवू नका. काढ-घाल करताना सॉकेटमधला गंज खरवडला जातो आणि तेवढ्यानेही गाडी चालू होते. जुना रिले परत घालून बघा. त्यानेही चालू झाली तर सॉकेटची टर्मिनले तपासा: हिरवट थर, तपकिरी पडलेले प्लॅस्टिक, सैल ओठ.

प्रश्न: गाडी थंड असताना नेहमी चालू होते. उन्हात तासभर उभी राहिली की चालू होत नाही, थंड झाली की पुन्हा चालू. टेबलावर रिले ठणठणीत निघाला. मग दोष कशात?

रिले अजूनही संशयाबाहेर गेलेला नाही. तुम्ही तो थंड तपासलात. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ८० ओहमची कॉइल ८० अंशांना ९९ ओहमच्या आसपास जाते. चुंबकाचा जोर प्रवाहावर असतो, म्हणून थंड असताना साडेसात व्होल्टला ओढला जाणारा रिले तापल्यावर सव्वानऊ व्होल्ट मागतो. त्यातच सेल्फ मारताना थकलेली बॅटरी साडेनऊ-दहापर्यंत खाली येते. दोन्ही गोष्टी काठावर आल्या की रिले ओढतच नाही, किंवा ओढून सुटतो, पुन्हा ओढतो आणि त्या फडफडीत कॉन्टॅक्ट जळतात. त्यामुळे आधी सेल्फ मारताना बॅटरीवरचे व्होल्टेज मोजा. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीचा बंदोबस्त पहिला करा.

दुसरे कारण आतल्या सोल्डरचे. जुन्या काही गाड्यांतल्या मेन रिलेत छापील पट्टीवर पिना सोल्डर केलेल्या असतात. वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन पिनेभोवती केसासारखी गोल चीर पडते. थंडीत ती मिटलेली असते, उष्णतेत उघडते.

तपासायचे असे: वर सांगितलेली भाराची चाचणी मांडा, बल्ब पेटता ठेवा आणि केस वाळवायच्या ड्रायरने रिलेवर चार-पाच मिनिटे गरम हवा सोडा. पेंट काढायची हॉट एअर गन नको, तिने प्लॅस्टिक वितळते. रिले हातात धरवणार नाही इतका तापला की कॉइलचा पुरवठा तोडून पुन्हा जोडा, असे दहा-बारा वेळा करा. मधे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचक्या मारा. बल्ब लुकलुकला, एखाद्या वेळी पेटलाच नाही किंवा ३० ते ८७ मधला व्होल्टेजचा आकडा उड्या मारू लागला, तर चोर सापडला. काहीच फरक पडला नाही तर पुढचा संशय क्रँक सेन्सरवर आणि पंपावर घ्या. तेही तापल्यावर असेच रुसतात.

प्रश्न: आतला कॉन्टॅक्ट काळा पडला आहे. पॉलिश पेपरने घासून चालवता येईल का?

नको. त्यावर चांदीमिश्र धातूचा पातळ थर असतो, पेपर तोच खातो. दोन-चार दिवस बरे चालते आणि मग चिकटते. सोल्डरची चीर मात्र नीट सोल्डर करून दुरुस्त होते, हात सराईत असेल तर.

प्रश्न: चावी काढल्यावरही मागून पंपाचा आवाज येत राहतो.

रिलेचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटले आहेत, हे बहुतेक वेळा उत्तर असते. रिले उपसा. आवाज थांबला तर रिले बदला. थांबला नाही तर ८७ च्या पुढे कुठेतरी प्लस टेकलेला आहे, अशा वेळी पंपाचा फ्यूज काढून गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. थांबवल्याशिवाय रात्रभर सोडू नका. ५-६ अँपिअर काढणारा पंप सकाळपर्यंत साधारण बॅटरी उतरवतो. आणि रिले कशामुळे चिकटला, हेही पाहा. मोठा प्रवाह हे नेहमीचे कारण, म्हणजे जड झालेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर. नवा रिले घालून प्रवाह मोजला नाही तर तोही त्याच वाटेने जातो.

प्रश्न: रिले मिळेपर्यंत ३० आणि ८७ मध्ये वायर टाकून गाडी चालवली तर?

चाचणीपुरते हो, रस्त्यावर नाही. इंजिन बंद पडले की ईसीयू रिले सोडतो आणि पंप थांबतो. अपघातात पेट्रोलची नळी तुटली तर अनेक गाड्यांत हाच बंदोबस्त असतो. वायर टाकलेली गाडी उलटली, इंजिन बंद पडले, तरी पंप तुटलेल्या नळीतून ३-४ बार दाबाने पेट्रोल फेकत राहतो. उडालेल्या फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळणे याच जातीचे. गाडी दोरीने किंवा टोइंगने न्या.

प्रश्न: फिल्टर बदलायचा आहे. लाइनमधला दाब आधी कसा काढू? रिलेचा उपयोग होतो म्हणतात.

होतो. इंजिन चालू ठेवून पंपाचा रिले किंवा फ्यूज उपसा. इंजिन लाइनमधले पेट्रोल पिऊन काही सेकंदांत बंद पडेल. मग दोन-तीन सेकंदांचे सेल्फ एक-दोनदा मारा. चावी काढा, बॅटरीचे मायनस टर्मिनल सोडा. तरीही जोड उघडताना फडके गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा ठेवा, इंजिन गार होऊ द्या. थोडे पेट्रोल येतेच. नंतर इंजिनचा दिवा लागला तर तो बहुधा दाब कमी झाल्याचा कोड असतो, स्कॅनरने पुसता येतो. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेल्या इंजिनात हे फक्त कमी दाबाच्या बाजूला लागू. इंजिनवरच्या जाड स्टीलच्या नळीला घरी हात लावू नये.

प्रश्न: आमची गाडी डिझेल आहे. हेच सगळे करू का?

रिलेची टेबलावरची चाचणी अगदी तीच. पण आधी बघा, तुमच्या गाडीत टाकीत विजेचा पंप आहे का. काही डिझेल गाड्यांत पंप पूर्णपणे यांत्रिक असतो आणि फ्यूजबॉक्समधला मोठा रिले ग्लो प्लगचा (थंड इंजिन पेटावे म्हणून सिलिंडर तापवणाऱ्या कांडीचा) असतो. तो बराच जास्त प्रवाह वाहतो, त्याला ५५ वॉटचा बल्ब हा भार नव्हे. त्याचे कॉन्टॅक्ट गाडीवरच, ग्लो प्लग चालू असताना, दोन जाड टर्मिनलांमधला व्होल्टेज ड्रॉप मोजून तपासावे.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेलमधून) डिझेल मिळते अशा इंजिनात, रेलमधला दाब १६०० बारच्या पुढे जातो. इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करून ‘डिझेल येते का’ बघण्याची जुन्या इंजिनांवरची सवय इथे चालवू नका. त्या बारीक फवाऱ्याने कातडीला सुईइतके भोक पडते आणि डिझेल आत शिरते. वरून जखम क्षुल्लक दिसते, दुखतही नाही फारसे, पण त्याला तातडीने शस्त्रक्रिया लागते. असे झाले तर ‘बघू उद्या’ न म्हणता थेट रुग्णालयात जा आणि दाबाने डिझेल आत गेले आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा.